विलायतेतला पहिला शनिवार

परदेशी शिकून आलेल्या थोर माणसांची चरित्रे वाचताना एक गोष्ट सहज ध्यानात येते. अमुक साली ते विलायतेस गेले आणि अमुक साली पदवी घेऊन परतले, अशा दोन वाक्यांत मधली सगळी वर्षे उरकलेली असतात. बोट धक्क्याला लागल्यावर पुढे काय झाले, सामान कोणी उतरविले, पहिल्या रात्री डोके कोठे टेकले, याचा पत्ता त्या चरित्रांत लागत नाही. चरित्रकाराचा त्यात फारसा दोष नाही. त्याला पुढे पुष्कळ सांगावयाचे असते. पण ज्या घरातला मुलगा किंवा मुलगी समुद्रापलीकडे शिकावयास गेली आहे, त्या घरात जाऊन पाहावे. तेथे पदवीची चौकशी मागाहून होते. पोहोचला का, जेवला का, झोप लागली का, हेच तेथे आधी विचारले जाते.

असाच एक पहिला दिवस आज पाहावयाचा आहे. दिवस आहे १८८८ सालच्या सप्टेंबरअखेरचा, वार शनिवार. बहुतेक चरित्रकार ती तारीख २९ धरतात. स्थळ लंडन. आणि विद्यार्थी आहे मोहनदास करमचंद गांधी, राजकोटचा राहणारा. वयाची एकोणीस वर्षे पुरी व्हावयास त्याला अजून तीन दिवस अवकाश होता. त्या दिवशी तो कोणाचा बापू नव्हता की महात्मा नव्हता. म्हणून श्रोत्यांनी येथे त्याचा एकेरी उल्लेख गोड करून घ्यावा.

या दिवसाची हकीकत त्याने स्वतःच दोनदा लिहिली आहे. एकदा लंडनमध्ये असतानाच, एका वहीत, मोडक्यातोडक्या इंग्रजीत. त्या वहीतला थोडासा भागच पुढे नकलेच्या रूपाने वाचला, मूळ वही हरवली. दुसऱ्यांदा लिहिली ती आत्मकथेत, सदतीस वर्षांनंतर, १९२५ पासून ‘नवजीवन’ साप्ताहिकातून हप्त्याहप्त्याने. दोन्ही हकीकती जुळवून पाहिल्या की गंमत वाटते. आत्मकथेत तो साउदॅम्प्टनला उतरतो. वहीत टेम्स नदीवरच्या टिलबरीला उतरतो. वही ताज्या आठवणीची असल्यामुळे जाणकार तिच्यावर अधिक भरवसा ठेवतात. बंदराचे नाव प्रौढपणी विसरले जाते. पण त्या दिवशी अंगावर कोणते कपडे होते, हे मात्र तीन तपे उलटली तरी विसरलेले नसते. माणसाची स्मरणशक्ती अशीच आहे. नकाशा पुसला जातो आणि फजिती राहते.

तो दिवस समजावयाचा तर त्याच्यामागे काय काय पणाला लागले होते, ते थोडक्यात पाहिले पाहिजे. वडील तीन वर्षांपूर्वीच वारले होते. भावनगरच्या सामळदास कॉलेजात एक सत्र काढले, पण तेथले शिक्षण डोक्यात शिरेना. तेव्हा मावजी दवे नावाच्या घरोब्याच्या एका वृद्ध ब्राह्मणाने सल्ला दिला की, मुलाला बॅरिस्टर करावे. तीन वर्षांत काम होईल, खर्च चार-पाच हजार रुपये येईल. आईने मन घट्ट केले, पण तीन गोष्टींची शपथ घातली. मद्य, मांस आणि परस्त्री यांना स्पर्श करावयाचा नाही. बेचरजी स्वामी या जैन साधूसमोर ती शपथ झाली. राजकोटला तरुण पत्नी होती आणि काही महिन्यांचे मूल होते.

मुंबईस आला तर तेथे जातीची सभा बसली. मोढ वाण्यांतला कोणी अद्याप विलायतेस गेला नव्हता. शेटजींनी हुकूम काढला की हा मुलगा आजपासून जातीबाहेर. याला जो मदत करील किंवा निरोप द्यायला धक्क्यावर जाईल त्याला सव्वा रुपया दंड. ज्या मेहुण्याजवळ पैसे ठेवले होते, त्यानेही जातीच्या भीतीने ते देण्याचे नाकारले. मग घरोब्याच्या एका गृहस्थाकडून उसने घेतले, कपडे शिवले, आणि ४ सप्टेंबर रोजी ‘क्लाइड’ बोटीवर पाय ठेवला. परत फिरण्याची वाट या रीतीने आधीच बंद झालेली होती. लंडनच्या त्या पहिल्या दिवशी हे सगळे ओझे त्याच्या पाठीवर होते. अंगावरचा सूट तेवढा लोकांना दिसला.

बोटीवरचे पंचवीस दिवस लाजण्यात गेले. इंग्रजी बोलावयाची सवय नव्हती. एखाद्या उतारूने काही विचारले तर वाक्य मनात जुळवीपर्यंत तो पुढे निघून जाई. काटे-चमचे कसे धरावे ते ठाऊक नाही, आणि वाढलेल्या पदार्थांपैकी कशात मांस नाही हे विचारण्याचे धैर्य नाही. त्यामुळे जेवणाच्या टेबलाकडे हा फिरकलाच नाही. घरून बांधून दिलेली मिठाई आणि फळे खोलीत बसून खावी, असा क्रम चालला. सोबतीला जुनागढचे वकील त्र्यंबकराय मजमुदार होते. ते सांगत, वकिलाची जीभ सैल असली पाहिजे, जरा लोकांत मिसळ. पण सांगून का कोणाची जीभ सैल होते!

बोटीवर दुसरीही एक आपत्ती त्याने ओढवून घेतली होती. तिचा उलगडा पुढे झाला. स्नानाला खारे पाणी असे, आणि अंगाला साबण लावणे हे सुधारलेपणाचे लक्षण, अशी याची समजूत. खाऱ्या पाण्यातल्या क्षारांमुळे साबणाला फेस येत नाही; उलट त्याचा चिकट साका कातडीवर बसतो. ही गोष्ट आज शाळेतल्या रसायनाच्या पहिल्या धड्यांत येते. मोहनदासला ती कोणी सांगितली नव्हती. अंगाला खाज सुटली आणि गजकर्ण झाले. म्हणजे लंडनला उतरला तो अंगावर गजकर्ण घेऊन.

आता कपडे. काळा सूट त्याने बोटीवर वापरला होता, आणि मित्रांनी मुंबईस करवून दिलेला पांढऱ्या फ्लॅनेलचा सूट खास उतरण्याच्या दिवसासाठी राखून ठेवला होता. आपल्याकडे मंगलकार्याला, सणाला शुभ्र वस्त्र शोभते. तेव्हा नव्या देशात पाऊल टाकताना पांढरा वेष असावा, असे त्याला वाटले तर नवल नाही. पण पांढरे फ्लॅनेल हा इंग्रजांचा उन्हाळी खेळातला, नदीवर होड्या वल्हविण्याचा पोशाख. सप्टेंबर सरत आला की लंडनवर धुक्याची कळा येते आणि लोक काळ्या-करड्या लोकरीत शिरतात. धक्क्यावर उतरून पाहतो तो शेकडो माणसांत पांढरा असा हा एकटाच! एखाद्याने मृगाच्या पावसात मलमलीचा अंगरखा घालून बाजारात जावे, तशी गत झाली.

बरे, कपडे बदलावे म्हटले तर तीही सोय राहिली नव्हती. इतर उतारूंनी आपले सामान आणि किल्ल्या एका एजंट कंपनीच्या माणसाच्या हवाली केल्या, म्हणून यानेही केल्या. नव्या जागी माणूस दुसऱ्याचे पाहून वागतो. कारण तेवढाच एक आधार असतो. पण तो दिवस शनिवार. दुसरा दिवस रविवार. त्या काळचा इंग्रजी रविवार म्हणजे कचेऱ्या बंद, दुकाने बंद, मालाची ने-आण बंद. सोमवारपर्यंत सामान मिळणार नव्हते. दोन दिवस त्या एका पांढऱ्या सुटावर काढावयाचे होते.

मुंबईहून निघताना चार ओळखपत्रे मिळाली होती. एक डॉक्टर प्राणजीवन मेहतांच्या नावे, दुसरे दलपतराम शुक्लांच्या, तिसरे राजपुत्र रणजितसिंहांच्या आणि चौथे दादाभाई नवरोजींच्या. डॉक्टर मेहतांना तार केली. बोटीवर कोणीतरी व्हिक्टोरिया हॉटेलात उतरण्याची शिफारस केली होती. म्हणून मजमुदार, आणखी एक सहप्रवासी आणि मोहनदास असे तिघे गाडी करून तेथे गेले.

या हॉटेलातल्या प्रवेशाचे वर्णन वहीत आहे, आणि ते वाचताना हसू आल्यावाचून राहत नाही. तिसरा सहप्रवासी मोठ्या ऐटीचा. गाडीवानाचे भाडे चुकते करा, असे त्याने हॉटेलच्या दारवानाला फर्मावले. आणि वहीत तेथेच शेरा आहे की, त्याचे स्वतःचे कपडे त्या दारवानापेक्षाही कदाचित हलके असतील. दुसऱ्या मजल्यावरच्या खोल्या चालतील का, म्हणून व्यवस्थापकाने विचारले. भाडे काय, हे विचारणे या गृहस्थांना कमीपणाचे वाटले. त्यांनी मान डोलावली. लगेच माणशी दररोज सहा शिलिंगांचा आकार हातात पडला. मोहनदास मनात हसत उभा होता, असे तो सांगतो. त्या भांबावल्या, दमल्या स्थितीतही त्याची नजर जागी होती. पुढे आयुष्यभर जो पैपैचा हिशेब ठेवावयाचा, त्याची चुणूक येथेच दिसते.

हॉटेल विजेच्या दिव्यांनी झगमगत होते. १८८८ साली वीज ही लंडनमध्येही नवलाईचीच वस्तू होती. काठेवाडातून आलेल्या मुलाचे डोळे दिपले तर त्यात काय आश्चर्य? दुसऱ्या मजल्यावर जावयाचे होते. बरोबरच्या पोऱ्याने भिंतीवर कशाला तरी हात लावला. मोहनदासला वाटले, दाराचे कुलूप उघडतो आहे. ती घंटा होती. दार उघडले, आत एक लहानशी खोली दिसली. येथे थोडा वेळ बसावयाचे असेल, अशा समजुतीने तो आत गेला. आणि दार पुन्हा उघडले तेव्हा तो दुसऱ्या मजल्यावर पोहोचला होता! लिफ्ट ही चीज त्याने त्यापूर्वी पाहिली नव्हती.

आज हे ऐकून मुले हसतील. पण हसण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. अशा दिवशी माणूस खरा थकतो तो चालून किंवा ओझी वाहून नव्हे. घरी जे हात आणि डोळे आपोआप करीत असतात, ते तेथे प्रत्येक वेळी विचार करून करावे लागते. दार कसे उघडते, पैसे कोणाला द्यावयाचे, बसावयाचे केव्हा, उठावयाचे केव्हा, हसावे की गंभीर राहावे, या प्रत्येक प्रश्नापाशी अडखळत जावे लागते. वर्गात नवीन आलेला मुलगा पहिल्या दिवशी धडा एकही शिकत नाही आणि संध्याकाळी मात्र कोमेजून घरी जातो, तो याच कारणाने. शिक्षकांना हे पुष्कळदा समजत नाही.

रात्री आठाच्या सुमारास डॉक्टर मेहता आले. हे मूळचे काठेवाडचेच. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर होऊन पुढील अभ्यासासाठी युरोपात आलेले. वयाने मोहनदासपेक्षा पाच-एक वर्षांनी मोठे. त्यांनी मनापासून स्वागत केले, आणि तो पांढरा सूट पाहून ते हसले. बोलता बोलता मोहनदासने त्यांची उंच टोपी उचलली. त्या टोपीवर बारीक तलम लव असते आणि ती एकाच दिशेने बसविलेली असते. लव किती मऊ आहे, हे पाहण्यासाठी त्याने टोपीवरून हात फिरविला, तो नेमका उलट्या दिशेने. सगळी लव विस्कटली. डॉक्टरांनी जरा रागाने पाहिले आणि त्याला थांबविले. पण तोवर व्हायचे ते झाले होते.

मग डॉक्टरांनी तेथल्या तेथे धडे दिले. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये. आपल्याकडे पहिल्या भेटीतच गाव, जात, पगार, मुलेबाळे विचारतात, तसे येथे विचारू नये. मोठ्याने बोलू नये. आणि हिंदुस्थानात आपण साहेबाशी बोलताना प्रत्येक वाक्याला ‘सर’ लावतो तसे येथे लावू नये; येथे नोकर आणि हाताखालची माणसेच तसे बोलतात. या शेवटच्या सूचनेपाशी जरा थांबावेसे वाटते. आपल्या शाळांत आजही मुलगा तोंड उघडतो तो ‘सर’ म्हणूनच, आणि तसे न म्हणणारा उद्धट ठरतो. जी गोष्ट एका देशात विनयाची, तीच दुसऱ्या देशात लाचारीची. डॉक्टर मेहतांनी ही गोष्ट पहिल्याच रात्री सांगितली म्हणून बरे. नाही तर ती कळावयास त्या मुलाला किती दिवस लागले असते आणि किती अपमान सोसावे लागले असते, कोणास ठाऊक!

हॉटेलात राहणे परवडणार नाही, एखाद्या कुटुंबात राहिले पाहिजे, असेही त्यांनी सांगितले. त्यांचे म्हणणे असे की, आपण येथे येतो ते पुस्तकांसाठी जितके, त्याहून अधिक येथल्या माणसांचे राहणे-वागणे पाहण्यासाठी. हा विचार सोमवारवर ठेवून ते गेले.

सोमवारी सामान आले, हॉटेलचे बिलही आले. ते तीन पौंडांचे होते. रुपयाचा भाव त्या दिवसांत सव्वा ते दीड शिलिंगाच्या दरम्यान असे. म्हणजे चाळिसाहून अधिक रुपये झाले. आणि एवढे देऊनही मुलगा उपाशीच होता. एक पदार्थ मागवावा, तो रुचेना म्हणून दुसरा मागवावा, आणि पैसे मात्र दोन्हींचे द्यावे, असे चालले होते. पोटात खरोखर जे गेले ते मुंबईहून आणलेल्या फराळातले. उसनवारीच्या पैशांतून दिलेले ते तीन पौंड त्याच्या चांगलेच जिव्हारी लागले.

एका सिंधी सहप्रवाशाने भाड्याच्या खोल्या पाहिल्या होत्या, तेथे तो राहावयास गेला. त्या नव्या खोलीतल्या रात्री मात्र फार कठीण गेल्या. दिवसभर धीराने वागलेला मुलगा रात्री एकटा पडला, की घर आणि आई डोळ्यांसमोर उभी राही. डोळ्यांचे पाणी खळेना. आणि हे सांगावे कोणाला? सांगूनही उपयोग काय? सगळेच परके. लोक परके, चालीरीती परक्या, घरेदेखील परकी. येथे राहवत नाही, आणि परत जाणे तर शक्यच नाही. आले आहे तर तीन वर्षे पुरी केलीच पाहिजेत, असे स्वतःशी म्हणत तो पडून राहिला. पुढे आफ्रिकेत मारितबर्गच्या स्टेशनावर, १८९३ साली, थंडीत कुडकुडत काढलेली त्याची रात्र जगाला माहीत आहे. लंडनच्या या रात्री कोणाला फारशा माहीत नाहीत. पण परत जावे की राहावे, हा प्रश्न त्याने प्रथम याच खोलीत सोडविला.

आपल्या मराठी माणसांतही असे दिवस काढलेली माणसे आहेत. याच्या पाच वर्षे आधी, १८८३ च्या एप्रिलात, आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. त्यांचेही वय अठराच. पण त्यांच्या पहिल्या दिवशी एक भाग्य त्यांच्या वाट्याला आले. केवळ पत्रांतून ओळख झालेल्या कार्पेंटरबाईंनी त्यांना आपल्या रोझेलच्या घरी नेले, पोटच्या मुलीसारखे ठेवले. आनंदीबाईंचा कष्टाचा काळ सुरू झाला तो मागाहून, शरद ऋतूत फिलाडेल्फियाच्या वैद्यक कॉलेजात दाखल झाल्यावर. तेथे मिळालेल्या खोलीतली शेगडी धुमसे. पेटवावी तर धुराने जीव घाबरा व्हावा, आणि विझवावी तर थंडीने काकडावे. स्वयंपाक स्वतःच्या हाताने, तोही शाकाहारी. दिवसभर व्याख्याने आणि अभ्यास, आणि परत यावे तो ही शेगडी. १८८६ च्या मार्चमध्ये त्या डॉक्टर झाल्या, आणि पुढच्याच फेब्रुवारीत, बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, पुण्यात वारल्या. पदवीचा सोहळा सगळ्यांना ठाऊक असतो. त्या धुमसत्या शेगडीला त्या पदवीच्या किमतीत धरावयाचे की नाही?

बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली न्यूयॉर्कला गेलेले आणि १९२० साली पुन्हा लंडनला जाऊन अपुरा अभ्यास पुरा करणारे डॉक्टर आंबेडकर, यांच्या चरित्रातही भुकेचा हा धडा आहेच. या दुसऱ्या खेपेस शिष्यवृत्ती नव्हती. दिवस ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात जाई, दुपारचे जेवण बहुधा बुडे, आणि रात्री पोटात काहूर उठले की स्नेह्याने दिलेले पापड भाजून ते वेळ निभावीत. मुंबईचा पापड लंडनच्या रात्री कामास आला! मोहनदासच्या मिठाईचा आणि या पापडाचा गोत्रसंबंध उघड आहे.

पुन्हा मोहनदासकडे वळू. डॉक्टर मेहता त्याला शोधीत त्या भाड्याच्या खोलीवर आले. गजकर्ण पाहून साबणाचा सगळा प्रकार त्यांनी विचारून घेतला आणि त्यावर ॲसिटिक ॲसिड लावावयास दिले. ते इतके झोंबले की रुग्णाच्या डोळ्यांतून पाणी आले. खोलीही त्यांना पसंत पडली नाही. त्यांनी त्याला रिचमंड येथे एका हिंदी विद्यार्थी-मित्राकडे राहावयास पाठविले. मित्राने भावासारखे वागविले, इंग्रजी रीतीभाती शिकविल्या, इंग्रजी बोलावयास लावले. अडचण एकच होती, जेवणाची. सकाळी ओटची पेज असे, तिने पोट भरे. दुपारी आणि रात्री मात्र पालकाची बेचव भाजी, पाव आणि मुरंबा. दोन-तीन तुकड्यांहून अधिक पाव मागावयाची लाज वाटे. भूक तर तरुण वयाची, सपाटून लागे.

मित्र कळवळ्याने वाद घालू लागला. जेथे राहावयाचे तेथले खाल्ले पाहिजे. परिस्थिती न पाहता घातलेल्या शपथेला अर्थ काय? त्याने बेंथॅमचा उपयुक्ततावाद वाचून दाखविण्यास आरंभ केला. मोहनदासला ते तत्त्वज्ञान नीट कळले नाही, आणि त्याने तसे सांगूनही टाकले. मांस खाल्ले पाहिजे हे मान्य, पण शपथ मोडता येत नाही. वाद करता येत नाही म्हणून मला मूर्ख समजा, हट्टी समजा, पण सोडा. असे त्याचे उत्तर असे. तर्काच्या तागडीत हे उत्तर हलके वाटेल. पण परक्या मुलखात सगळे काही बदलावे लागत असता माणसाला एखादी न बदलणारी वस्तू जवळ असावी लागते. त्याच्याजवळ आईला दिलेला शब्द होता, आणि त्या दिवसांत त्याने तोच धरून ठेवला. मित्रही असा की, हे ऐकून त्याने पुस्तक मिटले आणि तो विषय पुन्हा काढला नाही.

पुढे काही आठवड्यांनी, रोज दहा-बारा मैल पायपीट करून स्वस्त खाणावळी शोधताना, फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्याला शाकाहारी भोजनालय सापडले. विलायतेत आल्यापासून पोटभर असा तो पहिलाच घास. तेथेच एक शिलिंगाला हेन्री सॉल्ट यांचे शाकाहारावरील पुस्तक विकत मिळाले, आणि आईसाठी पाळलेले व्रत त्याने मग बुद्धीनेही स्वीकारले. १८९० साली लंडनच्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर तो निवडून आला. तो सगळा इतिहास पुष्कळांना ठाऊक आहे, त्याचा विस्तार नको.

डॉक्टर मेहतांविषयी मात्र चार शब्द अधिक सांगितले पाहिजेत. कारण पहिल्या रात्री जो माणूस भेटावयास येतो, त्याचे नाव बहुधा मागे पडते. ते पुढे बॅरिस्टरही झाले, रंगूनला जवाहिऱ्याचा मोठा व्यवसाय केला, आणि १९३२ साली वारेपर्यंत गांधींच्या कामासाठी त्यांनी पैसा पुरविला. १९०९ मध्ये लंडनलाच दोघांच्या दीर्घ चर्चा झाल्या, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत गांधींनी ‘हिंद स्वराज्य’ लिहिले. त्याच सुमारास मेहतांनी गोपाळ कृष्ण गोखल्यांना पत्र लिहून या आपल्या स्नेह्याचा उल्लेख ‘महात्मा’ म्हणून केला. टोपीची लव विस्कटणारा तो मुलगा त्यांना तेव्हा आठवला असेल काय?

दादाभाईंच्या नावाचे पत्र मात्र कितीतरी दिवस पेटीतच राहिले. एवढ्या मोठ्या माणसाला आपल्यासारख्याने त्रास कशाला द्यावा, म्हणून मोहनदासला ते न्यावयाचा धीर होईना. त्यांच्या व्याख्यानाला जावे, एका कोपऱ्यात बसून डोळे भरून पाहावे आणि परत यावे, असा त्याचा नेम. ते पत्र नेऊन देण्याचे धैर्य आले ते पुष्कळ उशिरा. आपली मुलेही परदेशी जाताना अशी पत्रे, हल्ली दूरध्वनीचे क्रमांक, घेऊन जातात; त्यांतली किती उघडली जातात, हे त्यांनाच विचारावे.

६ नोव्हेंबर १८८८ रोजी मोहनदासचे नाव इनर टेंपलच्या पटावर दाखल झाले आणि तो रीतसर कायद्याचा विद्यार्थी झाला. आणि पाहावे तो काय! बॅरिस्टर होण्यास परीक्षा पाहिजेच, पण तिच्याइतकेच महत्त्वाचे असे तेथे भोजन. प्रत्येक सत्रात ठरावीक मेजवान्यांना हजर राहिल्याशिवाय ते सत्र भरले असे धरीत नसत, आणि अशी बारा सत्रे भरावयाची. ज्याला महिनाभर पोटभर जेवण मिळाले नव्हते, त्याला जेवणाचाच अभ्यासक्रम लागला! पानात मांस आणि पेल्यात मद्य. त्याने पाव, उकडलेला बटाटा आणि कोबी एवढ्यावर वेळ निभावली. पण एक गंमत अशी झाली की, चौघांच्या टेबलामागे मद्याच्या दोन बाटल्या मिळत. हा शिवत नसे. तेव्हा त्या तिघांतच वाटल्या जात. त्यामुळे बोटीवर कोणाशी न बोलणाऱ्या या लाजाळू मुलाला आपल्या टेबलावर घेण्यासाठी विद्यार्थ्यांत चढाओढ लागे. मोठ्या मेजवानीच्या रात्री तर त्याला फारच मागणी असे, कारण त्या रात्री दोन बाटल्यांवर आणखी उंची मद्ये मिळत.